सात कडवी आणि एक फूटपट्टी

दोरा एक मिलिमीटर खाली आला होता. तेवढा तो यायलाच हवा होता, म्हणून मी अजून घाबरले नव्हते.

मी चर्चच्या सर्वांत मागच्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला बसले होते. डोक्यावर लाकडी गॅलरी. गॅलरीत बावीस गायक, अकरा वादक आणि एक कंडक्टर मिळून चौतीस माणसं तीनशे वर्षांपूर्वीचं जर्मन संगीत गात-वाजवत होती. खाली दीडशेएक माणसं जाड कोट घालून, वेदीकडे तोंड करून शांत बसली होती. मी एकटीच बाजूला मान वळवून फूटपट्टी बघत होते.

फूटपट्टी माझ्या मुलीच्या कंपासपेटीतली. ती मी बाकाच्या कडेला टेपने उभी चिकटवली होती. वर गॅलरीच्या तुळईला एक खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याच्या टोकाला एक बोल्ट. तुळई वाकली की बोल्ट पट्टीवर खाली सरकणार. या वाकण्याला आम्ही डिफ्लेक्शन म्हणतो. ते मोजायला चांगली उपकरणं असतात, पण ती ऑफिसात होती आणि ऑफिस साडेतीन तासांवर होतं.

चार मिलिमीटरपर्यंत मी गप्प बसणार होते. सहा झाले की प्रार्थना थांबवणार होते. हे दोन आकडे मी सकाळीच वहीत लिहून खाली सही करून ठेवले होते. ऐन वेळी माझाच धीर सुटेल आणि मी आकडे बदलीन, अशी मला भीती होती.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. पुण्यात शिकले, स्किल्ड व्हिसावर मेलबर्नला आले, आता तिथल्याच क्रेगीबर्न या उपनगरात राहते. इमारत उभी राहील की नाही हे सांगायचं, हे माझं काम. स्वभावाने मी घाबरट आहे. या धंद्यात ते क्वालिफिकेशनच समजावं.

तीन आठवड्यांपूर्वी इन्ग्रिडचा फोन आला. ही मेलबर्नमधल्या एका जुन्या संगीताच्या ग्रुपची कंडक्टर, म्हणजे समोर उभी राहून हाताने सगळ्यांना ताल देणारी. व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेला, गव्हाच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातल्या लुथरन चर्चने तिला बोलावलं होतं. लुथरन हा ख्रिस्ती लोकांमधला जर्मनीकडून आलेला पंथ. या गावात सगळी आडनावं अजून जर्मन आहेत. दर जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, एका रविवारी तिथे व्हेस्पर्स होतात, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. आधी स्तोत्र, मग बायबलमधलं वाचन, मग त्या वाचनावरच बेतलेली मोठी संगीतरचना, तिला कँटाटा म्हणतात. शेवटी कोराल, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायचं साधं, कडव्याकडव्यांचं भजन. इतकी वर्षं गावातलेच लोक गायचे. आता गावात गाणारे पुरेसे उरले नव्हते.

"गॅलरी जुनी आहे," इन्ग्रिड म्हणाली. "इन्शुरन्सवाल्यांना इंजिनियरचं सर्टिफिकेट हवंय."

"मग खाली वेदीसमोर वाजवा की. माझी गरजच नाही पडणार."

"ही कॉन्सर्ट नाहीये. आम्ही लोकांना दिसता कामा नये. आवाज मागून, वरून आला पाहिजे. शिवाय ऑर्गन वर आहे, आणि सगळं त्याच्याच आधाराने चालतं."

मी 'ऑर्गन वर' एवढंच वहीत लिहिलं. 'कॉन्सर्ट नाहीये' हे तिने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, ते लिहिलं नाही. पुढे ते मला फार छळणार होतं.

इन्स्पेक्शनला माझ्यासोबत व्हर्न होता. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. चर्चच्या डागडुजीचं काम तोच बघायचा. त्याने मला टॉर्च धरला, शिडी धरली, अंड्याची सँडविचेस खायला घातली आणि गॅलरीची तुळई त्याच्या आजोबांनी बसवली होती हे चार वेळा सांगितलं.

ती एकच लांब तुळई गॅलरीचा पुढचा सगळा भार पेलत होती. मध्ये दोन खांब, दोन्ही टोकं दोन भिंतींत. मी हातोडीने ठोकत निघाले. चांगलं लाकूड टणक वाजतं. उजव्या टोकाला आवाज बदलला. मी तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवी. व्हर्नचा चेहरा उतरला.

उजव्या टोकाखाली मी लोखंडी टेकू लावून घेतला. डावं टोक अवघड होतं. त्याच्या खालीच गॅलरीचा जिना होता, एकुलता एक आणि जेमतेम एक माणूस जाईल एवढा अरुंद. टेकू लावला असता तर जिनाच बंद झाला असता. भिंतीला लागून ऑर्गनची लाकडी पेटी होती, त्यामुळे तुळईचं अगदी शेवटचं टोक दिसतही नव्हतं. हात पोचला तिथे मी ड्रिलने तीन बारीक भोकं पाडली. भुसा कोरडा आणि स्वच्छ निघाला. लाकूड ठीक आहे असं मी लिहिलं.

"किती माणसं असतील वर?" मी इन्ग्रिडला विचारलं.

"चौतीस. नावं पाठवते."

मी छत्तीसची मर्यादा घातली. जिन्याच्या माथ्यापासून डाव्या खांबापर्यंत पिवळी टेप लावली, त्या भागात कोणी उभं राहायचं नाही असं सांगितलं. पाटी केली. ती व्हर्नने स्वतः ठोकली.

माझा बॉस ग्रेग रिपोर्ट वाचून म्हणाला, "डाव्या टोकाची खात्री आहे तुला?"

"ड्रिल केलंय. अटी घातल्यात. माझ्या आकड्यात सेफ्टी फॅक्टर आहे." सेफ्टी फॅक्टर म्हणजे तुळई पेलू शकेल त्यापेक्षा बराच कमी भार तिच्यावर टाकायचा, आपलं काही चुकलं असेल तर तेवढी जागा राहावी म्हणून.

"राइट. मग त्या दिवशी तू तिच्याखाली बस," ग्रेग म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. म्हणून त्या रविवारी मी तिच्याखाली बसले होते.

कँटाटा संपला. कोणी टाळी वाजवली नाही. तिथे ती पद्धतच नाही. इतकं सुंदर गाणं झाल्यावर दीडशे माणसं नुसती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. पास्टरने, म्हणजे तिथल्या धर्मगुरूने, हळू आवाजात प्रार्थना म्हटली. पट्टीवर अजूनही एकच मिलिमीटर. माझ्या जिवात जीव आला. मी मांडीवरचा कार्यक्रमाचा कागद उचलून पाहिला. आता फक्त कोराल उरला होता. सात कडवी.

ऑर्गन एकटाच वाजू लागला. कोरालच्या आधी त्याची चाल वाजवून दाखवतात. तेवढ्यात पुढचे बाक करकरले. निळ्या कोटातली एक बाई उठून मागे आली. टॉयलेटला जात असेल असं मला वाटलं. तिच्या मागून दोघं आले. मग चौघं. मग रांगच लागली. माझ्या बाकाशेजारून ती माणसं वळली आणि जिना चढायला लागली.

मी डोक्यावरची पावलं मोजली. पाच. आठ. बारा. जिन्यावरून वर येणारा माणूस पहिल्यांदा उभा राहतो तो जिन्याच्या माथ्याशी, म्हणजे नेमका पिवळ्या टेपच्या आत. दोरा हलला. दोन. तीन. चार.

माझं धाबं दणाणलं. गॅलरी कोसळेल ही भीती होतीच. पण खरं सांगते, त्याच क्षणी तितकीच मोठी दुसरी भीती होती की ती कोसळणार नाही, आणि मी, या गावात कोणाचीच नसलेली एक परकी बाई, भर प्रार्थनेत ओरडून सगळ्यांसमोर तोंडावर पडेन. या दुसऱ्या भीतीपायी मी काही सेकंद बसून राहिले. ते सेकंद मला अजून आठवतात.

मग मी उठले. रांग जिन्यात थांबलेली होती, कारण चौथ्या पायरीवर व्हर्न होता. त्याचे गुडघे गेलेले. एक हात कठड्यावर, एका हातात काठी, आणि प्रत्येक पायरीला दम खात तो चढत होता. पुढचे बारा जण भराभर वर गेले होते. मागचे वीस-पंचवीस त्याच्यामुळे खोळंबले होते. मी त्यांच्यातून घुसत गेले आणि त्याची बाही धरली.

"व्हर्न, वर जाऊ नका."

"कोराल आहे, लव्ह."

"छत्तीसची पाटी तुम्हीच ठोकलीत ना?"

"ती मेलबर्नहून आलेल्यांसाठी ना? आम्ही इथलेच. शेवटच्या कोरालला आम्ही वरच जातो. ज्याने ज्याने कधी इथे गायलंय, ते सगळे. मी नऊ वर्षांचा असल्यापासून जातोय."

"मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

हे सगळं कुजबुजत चाललं होतं. वर ऑर्गनची चाल संपत आली होती.

मी विचारायला हवं होतं, आणि मला सुचायलाही हवं होतं. क्रेगीबर्नला आमच्या गणपतीत हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात, लोक कोपऱ्याकोपऱ्यात गप्पा मारत असतात. आरती सुरू झाली की किचनमधले, पार्किंगमधले, सगळे धावत येऊन मूर्तीपुढच्या दहा फुटांत गर्दी करतात. त्यांना कोणी बोलावत नाही. आरतीला किती कलाकार आहेत असं मला कोणी विचारलं तर मी हसेन. आणि मी मात्र इन्ग्रिडला, कॉन्सर्ट नाही हे ऐकूनही, गाणाऱ्यांची संख्या विचारली होती.

"माझ्या आजोबांनी बसवलीय ती तुळई," व्हर्न म्हणाला. आता तो जरा चिडला होता.

"माहीत आहे मला. पण तिच्याखाली मी बसलेय, आणि मला भीती वाटतेय."

इतक्या वर्षांत क्लायंटसमोर हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. आम्ही रिस्क म्हणतो, कन्सर्न म्हणतो. व्हर्नने माझ्याकडे नीट पाहिलं. मग कठडा धरून तो हळूहळू खाली वाकला आणि त्या पायरीवर चक्क बसला. जिना बंद झाला. मागच्यांकडे वळून त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि काठीने खाली जायची खूण केली. ते खाली उतरले आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

कोराल सुरू झाला. वरचे, खालचे, जिन्याजवळचे, सगळे एकदम गायला लागले. अंगावर काटा आला, पण तो गाण्याने होता की भीतीने, ते मला सांगता येणार नाही. मी परत पट्टीपाशी गेले. वर आता सेहेचाळीस माणसं होती. पहिल्या कडव्याला चार. दुसऱ्याला पाच. ऑर्गनचा खर्ज लागला की बोल्ट थरथरत होता.

तिसऱ्या कडव्यात डाव्या भिंतीकडून आवाज आला. कट्. बोट मोडल्यासारखा, लहानसा. माझ्याशिवाय कोणी मान वळवली नाही. हातातल्या कागदावर वरून बारीक तपकिरी भुगा पडला. मी पट्टीकडे पाहिलं. सहा.

सहाला थांबवायचं, असं मी सही करून ठेवलं होतं. मी थांबवलं नाही. ओरडले असते तर वरची सेहेचाळीस माणसं एकाच जिन्याकडे धावली असती, आणि तो जिना त्याच टोकाला होता. हे मला सकाळी वहीत लिहिताना सुचायला हवं होतं. तेव्हा सुचलं नव्हतं.

मी कार्यक्रमाच्या कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं की पिवळ्या टेपच्या आतल्या सगळ्यांना ऑर्गनपासून लांब, उजवीकडे न्या, एकेक करून, हळू, आणि गाणं थांबवू नका. तो व्हर्नकडे दिला. वर जिन्याच्या तोंडाशी ती निळ्या कोटातली बाई पाठमोरी गात उभी होती. व्हर्नने काठीने वरची पायरी ठोकली. ती दचकून वळली, पायऱ्या उतरून आली, कागद घेऊन गेली.

चौथ्या कडव्यात काहीच झालं नाही. पट्टीवर सहा आणि थोडं वर. या एका कडव्यात मी आईला, मुलीला आणि माहीत असलेल्या सगळ्या देवांना आठवून झाले. नंतर व्हर्नकडे बघितलं. तो बसला होता ती पायरीही त्याच टोकाखाली होती. मी त्याला बाहेर यायची खूण केली. त्याने मान हलवली. तो उठला तर मागच्यांना रस्ता मोकळा होईल, हे त्याला कळत होतं. तो तिथेच बसून खर्जात गात राहिला.

पाचव्या कडव्यात डोक्यावर पावलं वाजली. एक, मग थांबून दुसरं. ती गाण्याच्या ठेक्यात पडत होती. मला वर दिसत नव्हतं. नंतर कळलं की इन्ग्रिडने कागद स्टँडवर ठेवला, उजव्या हाताने ताल चालू ठेवला आणि डाव्या हाताने एकेकाकडे बोट दाखवून त्याला पलीकडे सरकवलं, जणू ते संगीतातच लिहिलेलं होतं. ज्याला बोट दाखवलं तो गात गात सरकला. एकही स्वर चुकला नाही म्हणे. मला फक्त पट्टी दिसत होती. साडेपाच. पाच. सातव्या कडव्याला चार.

चारच्या खाली आकडा आला नाही. माणसं गेल्यावरही तुळई जागेवर परत येत नाही, याचा अर्थ आत काहीतरी कायमचं मोडलेलं असतं.

मग आशीर्वाद झाला. त्यानंतर तिथे दोन मिनिटं सगळे गप्प बसतात. ती दोन मिनिटं मी जीव मुठीत धरून काढली. ती संपल्यावर मी वर हाक मारली आणि इन्ग्रिडने एकेकाचं नाव घेऊन माणसं खाली उतरवली. एक जिना उतरून बाहेर आला की दुसरा. शेवटी ती स्वतः उतरली. तिचा चेहरा पांढराफटक होता.

"किती वाईट होतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

मंगळवारी ऑर्गनची पेटी सरकवून आम्ही डाव्या भिंतीचं प्लॅस्टर फोडलं. तुळईचं टोक आतून पूर्ण पोकळ होतं. बाहेर अंगठ्याएवढं जाड लाकूड, आत वाळवीची माती. पोकळी माझ्या तिसऱ्या भोकाच्या जेमतेम एक वीत पलीकडे सुरू होत होती. हात पोचला तिथपर्यंत मी तपासलं होतं, आणि जिथे पोचला नाही तिथेही ठीक आहे असं लिहून मोकळी झाले होते.

व्हर्न तिथेच होता. त्याने त्या पोकळीत बोट घातलं, माती चोळून पाहिली आणि बाहेर जाऊन बसला. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. त्या दिवशी आजोबांचं नाव त्याने काढलं नाही.

ग्रेगला मी फोटो दाखवले.

"म्हणजे छत्तीससुद्धा चूकच होतं," तो म्हणाला.

"हो."

"ते बारा जण वर चढले नसते तर आपल्याला हे कळलंच नसतं. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कधीतरी छत्तीस माणसांनिशी ती खाली आली असती. तुझ्या सहीने."

मी फोटो परत फाइलमध्ये ठेवायला लागले.

"हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिही," तो म्हणाला. मी लिहिलं. स्वतःच्या चुकीचं इतकं सरळ वाक्य लिहायला मला पूर्ण एक दुपार लागली.

तेव्हापासून कुठलंही इन्स्पेक्शन असलं, चर्च असो, शाळेचं स्टेज असो की क्लबची बाल्कनी, किती माणसं हा प्रश्न मी दुसरा विचारते. पहिला प्रश्न असतो, तुमच्याकडे शेवटी काय होतं? लोक गोंधळतात. मग कोणीतरी म्हातारं माणूस हसून सांगायला लागतं, आणि मी लिहून घेते.

पुढच्या जुलैपर्यंत तिथे स्टीलची तुळई बसली. व्हेस्पर्सला मी गेले, आपणहून. ऑर्गनने कोरालची चाल वाजवायला घेतली आणि रांग माझ्या बाकाशेजारून जिना चढून गेली. व्हर्न मात्र रांगेत नव्हता. त्या वर्षी त्याला चार पायऱ्याही जमत नव्हत्या. तो काठी टेकत आला आणि मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसला.

माझी फूटपट्टी अजून तिथेच चिकटवलेली होती. दोरा आणि बोल्ट कोणीतरी नव्या तुळईला बांधून ठेवला होता. कोणी, ते मी विचारलं नाही.

वर साठएक माणसं गात होती. व्हर्न खाली बसून गात होता, पण वेदीकडे बघत नव्हता. मान वळवून पट्टीकडे बघत होता. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मी त्याच्या कानाशी वाकले.

"किती?"

"अर्धा," तो म्हणाला. "तोसुद्धा नसेल."

"तरी बघत राहा," मी म्हटलं.